महाविद्यालयाचे अलिखित शुल्क

मृगाचे पाऊस पडून गेले की परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरात रोकड उरत नाही. होती नव्हती ती सरकीच्या आणि सोयाबीनच्या पिशव्यांत, खताच्या गोण्यांत आणि पेरणीच्या मजुरीत गेलेली असते. नेमक्या याच दिवसांत पालम, सोनपेठ, जिंतूर, पाथरी या तालुक्यांतील खेड्यांतून शेकडो मुले-मुली जिल्ह्याच्या गावी महाविद्यालयात दाखल होतात. प्रवेश शुल्क, खोलीचे भाडे, खाणावळीची आगाऊ रक्कम, एस. टी.चा पास, वह्या-पुस्तके असा खर्चाचा तक्ता मांडला जातो आणि प्रत्येक बाबीची कोठे ना कोठे पावती मिळते. एका बाबीची मात्र पावती कोणत्याही कार्यालयात फाडली जात नाही. अंगावरचे कपडे आणि पायातले बूट ही ती बाब होय. ती कोणी मागत नाही. पण ती भरल्यावाचून वर्गात सहजपणे बसताही येत नाही.

या खर्चाला वडीलधारी मंडळी एका शब्दात निकालात काढतात. तो शब्द म्हणजे ‘चैन’. मुले शिकावयास जातात की नटावयास, हा प्रश्न प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीस विचारला आहे आणि तो विचारणाऱ्यांनी आपापल्या काळात बेलबॉटम किंवा टोकदार कॉलरचे शर्ट शिवून घेतले होते, हे छायाचित्रांच्या जुन्या अल्बमांत आजही पाहावयास मिळते. प्रश्न नटण्याचा असता तर तो हसण्यावारी नेता आला असता. वस्तुस्थिती अशी की, खेड्यातून प्रथमच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याची परीक्षा पहिल्या घटक चाचणीच्या कितीतरी आधी, म्हणजे पहिल्याच दिवशी वर्गाच्या दारात होते. त्याची भाषा, त्याचे गाव, त्याच्या बापाचा धंदा हे सारे नंतर कळते. आधी दिसतो तो त्याचा पोशाख.

पोशाख आणि माणसाची समाजातील पायरी यांचा संबंध किती घट्ट आहे, हे महाराष्ट्राला नव्याने सांगण्याचे कारण नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना उद्देशून जे भाषण केले, त्यात लुगडे नेसण्याची पद्धत बदलावी आणि जात ओळखू येईल असे दागिने टाकून द्यावेत, असा स्पष्ट उपदेश होता. एवढ्या मोठ्या लढ्याच्या धामधुमीत त्यांनी लुगड्याच्या निऱ्यांकडे लक्ष दिले ते उगीच नव्हे. ज्या समाजात वस्त्रावरून माणसाची जागा ठरविली जाते, त्या समाजात वस्त्र बदलणे हे जागा बदलण्याचे एक पाऊल असते. आज परभणीच्या एखाद्या वसतिगृहातील मुलगा आपल्या बरोबरीच्या मुलांसारखी जीन्स आणि बूट मागतो, तेव्हा त्याच्या मनात हा इतिहास असतोच असे नाही. पण त्याच्या मागणीत तो असतो.

शासनाला हे समजत नाही असेही नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांच्या वेषभूषेविषयी सूचना काढल्या आणि आठवड्यातून एक दिवस, शुक्रवारी, खादी वापरण्यास सांगितले. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांच्या पोशाखाविषयी निर्देश आले. जीन्स आणि टी-शर्ट शाळेत नको, असे त्यांत होते. लिपिकाने आणि गुरुजींनी कसे दिसावे याची काळजी ज्या व्यवस्थेला वाहावीशी वाटते, त्या व्यवस्थेने विद्यार्थ्याने कशातून कपडे घ्यावेत, हा प्रश्न मात्र स्वतःला विचारलेला दिसत नाही. २०२४ मध्येच व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या विविध प्रवर्गांतील मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय झाला. निर्णय निःसंशय चांगला. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या स्वाधार योजनेत भोजन, निवास आणि निर्वाह अशा तीन नावांनी रक्कम दिली जाते. कपड्यांचे नाव त्यात नाही. ते ‘निर्वाहा’च्या पोटात ढकलले गेले आहे आणि त्याच पोटात साबण, औषध, प्रवास आणि झेरॉक्सही आहेत. शिवाय शिष्यवृत्तीची रक्कम शैक्षणिक वर्ष बरेच पुढे सरकल्यावर, कधी ते सरून गेल्यावर हाती पडते, ही तक्रार जुनी आहे. कपडे मात्र जुलैत लागतात.

हा वेळेचा गुंता परभणीसारख्या जिल्ह्यात विशेष जाचक ठरतो. सोयाबीन निघते ऑक्टोबरात, कापसाची वेचणी सुरू होते दिवाळीच्या आगेमागे. म्हणून पूर्वी कपड्यांची खरेदी वर्षातून एकदाच, दिवाळीला होत असे. राज्यात १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, तेव्हापासून पुढची कित्येक वर्षे मानवत-सेलूच्या बाजारात कापूस घालावयाचा, हाती येईल त्या रकमेतून देणी भागवावयाची आणि उरलेल्यातून कापड फाडून आणावयाचे, असा घरोघरी क्रम होता. बोनस मिळाला तर थोरल्याला नवी पँट. त्याची जुनी पँट आखूड करून धाकट्याला. कापड दुकानदाराच्या खतावणीत जूनचे नाव आणि डिसेंबरची वसुली हा व्यवहार उभयपक्षी मान्य होता. त्या उधारीत व्याज दडलेले असे आणि भावही चढा लावलेला असे, याविषयी भाबडेपणा नको. तथापि दुकानदार शेतकऱ्याचे पंचांग जाणत होता. आजच्या बाजाराला ते पंचांग ठाऊक नाही.

त्या काळच्या फॅशनचे एक वैशिष्ट्य मात्र नीट लक्षात घेतले पाहिजे. १९७३ साली ‘बॉबी’ चित्रपट आला, राजेश खन्नाचा गुरू शर्ट त्याच्या आगेमागे गाजत होता आणि पँटची मोहरी एकेका इंचाने रुंदावत होती. या सर्व लाटा परभणीपर्यंत पोहोचल्या त्या शिंप्याच्या कात्रीतून. चित्रपट पाहून आलेला मुलगा शिंप्याला वर्णन सांगे आणि शिंपी आपल्या अंदाजाने ते कापडावर उतरवी. कापड साधेच असे. फॅशन होती ती बेतण्यात. त्यामुळे फॅशनची किंमत म्हणजे शिलाईचे चार पैसे जास्त, एवढीच होती. श्रीमंताच्या मुलाच्या आणि कारकुनाच्या मुलाच्या पँटच्या मोहरीत काही फरक नव्हता. आज फॅशन बेतण्यात राहिलेली नाही, ती नावात गेली आहे. छातीवरच्या चिमुकल्या चिन्हात, बुटाच्या कडेवरील रेघेत आणि कमरेमागच्या चामडी पट्टीवर ती असते. शिंपी मोहरी कापू शकतो, नाव कापू शकत नाही. विद्यार्थ्याच्या खिशावरचा खरा भार येथून सुरू होतो.

हा भार किती, हे पाहण्यासाठी कापसाच्या जिल्ह्यात कापसाचेच माप लावणे योग्य होईल. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये जाहीर झाला. क्विंटलभर कापूस पिंजला म्हणजे सुमारे ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी. एका पूर्ण बाहीच्या सुती शर्टाला, सूतकताई आणि कटाईतील घट धरून, साधारण ३०० ग्रॅम रुई लागते असे मानले, तर शेतातला कापूस लागला जेमतेम नऊशे ग्रॅम. चांगला हमीभाव मिळाला असे धरले तरी शेतकऱ्याच्या पदरात त्या शर्टाचे सत्तर-पंचाहत्तर रुपये पडले. जीन्सला याच्या तिप्पट कापूस लागतो. म्हणजे दोनशे-सव्वादोनशे रुपयांचा. तो शर्ट आणि ती जीन्स मुलगा ज्या किमतीस परत विकत आणतो, ती किंमत परभणीच्या स्टेशन रोडवरील कोणत्याही दुकानाच्या काचेवर लावलेली आहे. आणि नामांकित परदेशी कंपनीच्या खेळाच्या बुटांचा एक जोड घ्यावयाचा झाल्यास बापाचा क्विंटलभर कापूस बाजारात उभा करावा लागतो. हा हिशेब बापाला तोंडपाठ असतो. म्हणून तो रागावतो. आणि मुलाला तो अर्धवट ठाऊक असतो, म्हणून तो बुटांची किंमत घरी कमी करून सांगतो.

या जिल्ह्याचे कापसाशी नाते केवळ पेरण्याचे नाही. १९७२ साली स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात कापसाच्या वाणांवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. विद्यापीठाच्या नांदेड केंद्रावर विकसित झालेला एनएचएच-४४ हा संकरित वाण एके काळी दूरदूरच्या कोरडवाहू शेतांत पोहोचला होता. अशा या गावात उन्हाळ्याचा पारा चाळिशीच्या वर असताना विद्यार्थी पॉलिएस्टरचे टी-शर्ट घालून हिंडतात, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. सुती धागा हवेतील ओलावा आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. घाम शोषण्याच्या बाबतीत दोहोंची तुलनाच होऊ शकत नाही. परंतु पॉलिएस्टर रात्री धुतले तर सकाळी वाळते, त्याला इस्त्री लागत नाही, ते आटत नाही आणि त्याचा रंग टिकतो. ज्याच्याजवळ दोनच शर्ट आहेत आणि ज्याच्या खोलीत चौघांत मिळून एक इस्त्री आहे, त्याने कृत्रिम धागा निवडला तर तो अडाणी ठरत नाही. टेरिलीन आणि टेरिकॉट यांनाही शासन एके काळी चैनीची वस्तू समजून भरमसाट कर लावीत असे. गरीब माणूस ते टिकाऊपणासाठी घेतो आहे हे ध्यानात यावयास आणि धाग्याधाग्यांतला तो भेद कमी करण्याचे धोरण मांडावयास जून १९८५ उजाडावा लागला.

तरीही निवड डोळसपणे व्हावी, एवढी अपेक्षा रास्त आहे. शिवणीतला एखादा सुटा धागा काडेपेटीच्या ज्योतीवर धरला तर सुताची कागदासारखी राख होते आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो; ‘शंभर टक्के कॉटन’ या दुकानातील घोषणेची शहानिशा एवढ्यावर होते. कापड घेऊन शिवावयाचे तर मोठ्या पन्ह्याचे पावणेदोन मीटरच्या आत शर्टाला आणि सव्वा मीटरच्या सुमारास पँटला पुरते. सुती असल्यास ते एक रात्र पाण्यात घालून मगच शिंप्याकडे द्यावे, हे पूर्वी घरातल्या प्रत्येक बाईला माहीत होते. शिवलेल्या कपड्यात आत दीड-दोन बोटे कापड सोडलेले असते. अंग भरले तर उसवून सैल करता येते. तयार कपड्यात ही माया नसते. कारखाना इंचाइंचाचा हिशेब ठेवतो, आणि अठरा ते एकवीस हे वय अंग भरण्याचेच असते.

मुलींच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. मुलगा शिवाजी चौकातून किंवा गांधी पार्कातून फिरत एकटा खरेदी करू शकतो. मुलीची खरेदी बहुधा आई, मावशी किंवा वहिनी यांच्या संमतीने आणि त्यांच्या नजरेखाली होते. तिने काय घालावे याचा निर्णय दुकानात नव्हे, गावातल्या चार घरांत झालेला असतो. मात्र तिला एक फायदाही आहे. तिचा कुडता अजूनही गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाईकडे शिवला जातो. कच्छी बाजारातून कापड आणून मनासारखा गळा आणि बाह्या शिवून घेणारी मुलगी थोड्या पैशांत नीटनेटकी दिसते. फॅशन बेतण्यात होती ती जुनी व्यवस्था मुलांच्या बाबतीत मोडली, मुलींच्या बाबतीत अजून तग धरून आहे.

पादत्राणांचे प्रकरण याहून अवघड आहे, कारण बूट शिवून घेता येत नाहीत. सध्या शुभ्र पांढऱ्या बुटांची टूम आहे. काळ्या मातीच्या जिल्ह्यात, जेथे श्रावणात बांधावरून चार पावले टाकली तर तळव्याला शेरभर चिखल लागतो, तेथे ही टूम कोणाच्या डोक्यातून आली असावी, हे कोडेच आहे. नावाचे बूट परवडत नाहीत म्हणून विद्यार्थी ‘फर्स्ट कॉपी’ घेतो. नाव नकली असते हे विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्यालाही माहीत असते. फसवणूक होते ती नावाची नव्हे, तळव्याची. दोन महिन्यांत डिंक सुटतो आणि मोची टाके घालण्यास चामडे शोधू लागतो तर तेथे धड धरण्यासारखे काही नसते. उरुसातल्या दुकानांत आणि सेलमध्ये स्वस्त मिळणाऱ्या जुन्या साठ्यातील बुटांत दुसराच धोका असतो. पॉलियुरेथेनचा तळवा हवेतील दमटपणाने न वापरताही आतून कुजत जातो आणि काही वर्षे पडून राहिलेला कोरा बूट पायात घालताच भुग्यासारखा गळतो. खोक्यावर निर्मितीचा महिना छापलेला असतो, तो वाचण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

मापाचीही एक गोम आहे. भारतात बूट विकले जातात ते मुख्यत्वे इंग्रजी मापांनी, आणि भारतीय पाऊल त्या साच्याच्या मानाने रुंद असते. परिणामी पुढे दाबत नाही असा बूट घ्यावयाचा तर तो लांबीला मोठा घ्यावा लागतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये सुमारे एक लाख लोकांच्या पावलांची मापे घेऊन ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धती सुचविली आहे. शेतात अनवाणी वाढलेल्या पायाला हे संशोधन लवकर बाजारात यावे असे वाटल्यास नवल नाही. तोवर बूट संध्याकाळी, पाय दिवसभराच्या चालण्याने थोडे फुगलेले असताना घ्यावेत. कोल्हापुरी चपलेचा पर्याय विद्यार्थ्यांनी बराच काळ गावंढळ म्हणून नाकारला. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा कंपनीच्या मिलान येथील प्रदर्शनात तशाच चपला झळकल्या, महाराष्ट्रातून ओरड झाली आणि कंपनीला त्यांचे मूळ मान्य करावे लागले. २०१९ पासून भौगोलिक मानांकन असलेली ही चपल त्यानंतर परभणीच्या महाविद्यालयांतही प्रतिष्ठित झाली तर बरेच. मिलानचा शिक्का लागल्यावाचून आपली वस्तू आपल्याला दिसत नाही, ही सवय मात्र जुनी.

आता बाजारपेठ गुजरी बाजारातून उठून दूरध्वनीच्या पडद्यावर आली आहे. सोनपेठच्या मुलाला जे पुण्याच्या मुलाला दिसते तेच त्याच दिवशी दिसते, ही त्यातील समता नाकारता येणार नाही; आणि माल दारात आल्यावर पैसे देण्याची सोय असल्याने बँकेचे कार्ड नसलेलाही गिऱ्हाईक होतो. परंतु पडद्यावर कापड चिमटीत धरून पाहता येत नाही. येते ते निराळ्या रंगाचे, पातळ पोताचे, आणि परत करण्याचा कंटाळा येऊन पेटीच्या तळाशी जाते. याहून घातक प्रकार हप्त्यांचा आहे. ‘आता घ्या, नंतर भरा’ हे जुन्या उधारीचेच नवे रूप भासते, परंतु त्या उधारीची वसुली सुगीला होती, हिची दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेस होते. आणि ज्या घरात वर्षातून दोनदाच पैसा येतो त्या घरातल्या मुलाला दरमहाचे कर्ज म्हणजे दरमहाचा दंड. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अशा कर्जाचा वार्षिक एकूण खर्च आधी सांगणे धनकोंवर बंधनकारक केले. तो आकडा वाचूनच पुढचे बटण दाबावे.

विद्यार्थ्याच्या बाजूने कायदा आहे, हेही फारसे कोणी त्याला सांगत नाही. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी असंख्य दुकानांत आणि बिलांवर दिसते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलात नमूद मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार जाहिरातीत दाखविल्याप्रमाणे माल नसल्यास विक्रेत्याला तो नाकारता येत नाही. १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही. अट एकच, बिल हवे. बिल न घेता दहा-वीस रुपये वाचविणारा ग्राहक हा सर्व हक्क तेवढ्याच रुपयांना विकून टाकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या बुटांवर आणि कपड्यांवर पाच टक्केच वस्तू व सेवा कर आहे. त्यापूर्वी हजारावरच्या बुटांना अठरा टक्के होता. हा उतार किमतीत पोहोचला की नाही, हेही बिलावरूनच कळेल.

महाविद्यालयांना यात करता येण्यासारखे थोडे नाही. कृषी विद्यापीठाचे गृहविज्ञान महाविद्यालय, ज्याचे नाव पुढे सामुदायिक विज्ञान महाविद्यालय झाले, त्यात वस्त्र आणि पोशाख या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात त्या विभागाने शहरातील इतर महाविद्यालयांसाठी कापड पारखण्याचे आणि जुने कपडे बेतून घेण्याचे एखादे शिबिर ठेवले, तर त्याला गर्दी होईल. ‘कमवा व शिका’ योजनेचे मानधन सत्र सुरू झाल्याबरोबर पहिल्या महिन्यातच मिळावे, स्वाधारचा पहिला हप्ता प्रवेशाला जोडून यावा, आणि त्यात वस्त्रासाठी नावानिशी एक रक्कम असावी. स्नेहसंमेलनाच्या ‘ट्रॅडिशनल डे’ आणि ‘मॅचिंग डे’ची यादी लावण्यापूर्वी विद्यार्थी परिषदेने त्या एका दिवसासाठी किती मुलांना कपडे उसने आणावे लागतात, याची चौकशी करावी. प्राध्यापकांनाही ती सहज करता येईल. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्यांची नावे हजेरीपटावर असतात.